छोटे लोहमार्ग आणि युक्त्यांची देवघेव

१९३० सालच्या सुमारास अमेरिकेत आगगाडीच्या लहान प्रतिकृती स्वतःच्या हातांनी तयार करणाऱ्या हौशी गृहस्थांपुढे एक चमत्कारिक अडचण वारंवार उभी राहत असे. महिनेच्या महिने खपून बनविलेली वाघीण घेऊन एखाद्याने दुसऱ्या गावच्या स्नेह्याकडे जावे, आणि तिने तेथील रुळांवर उभे राहण्यासच नकार द्यावा! कधी दोन चाकांमधील अंतर अर्धा मिलिमीटर अधिक भरे, कधी चाकाची आतली कड रुळांच्या खिळ्यांवर घासे, तर कधी डबे जोडण्याचे आकडे एकमेकांत अडकतच नसत. दोघांचेही काम आपापल्या ठिकाणी चोख असे. दोघांनी एकमेकांस विचारलेले मात्र नसे.

ही अडचण पुढे कशी दूर झाली, आणि ती दूर करताना या हौशी मंडळींनी आपले ज्ञान एकमेकांस देण्याची कोणती रीत पाडली, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे. विषय वरवर पोरखेळाचा वाटेल. परंतु धातू, लाकूड, वीज आणि पाणी यांच्या गुणधर्मांशी इतका निकटचा परिचय करून देणारे छंद फार थोडे आहेत.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. इंग्रजी ‘वॅगन’ला मराठीत ‘वाघीण’ करणाऱ्या रेल्वे-कामगाराने कोणत्याही परिभाषा-समितीची वाट पाहिली नव्हती. ‘फलाट’, ‘रूळ’, ‘सांधा’ आणि तो बदलणारा ‘सांधेवाला’ हे शब्दही असेच कामावरच्या माणसांच्या तोंडी घडले. त्यामुळे भाषांतरकाराचे निम्मे काम आधीच झालेले आहे. लहान प्रतिकृतींसाठी आपण तेच शब्द वापरू. सांध्यावरचा रूळ बोटाने सरकवायचा असो की सांधेवाल्याच्या तरफेने, क्रिया एकच होय.

प्रमाण आणि अंतर

छोट्या लोहमार्गात दोन मापे महत्त्वाची असतात, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. मूळ वस्तूच्या मानाने प्रतिकृती किती पटींनी लहान आहे, हे पहिले माप. त्यास प्रमाण म्हणू. दोन रुळांमधील अंतर हे दुसरे. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एच-ओ’ या पद्धतीत मूळ वस्तूच्या एका फुटास प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रमाण १ : ८७.१ असे येते. अमेरिकेत व युरोपात बहुतेक ठिकाणी खऱ्या रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे, त्यास ८७.१ ने भागले की साधारण १६.५ मिलिमीटर येतात. या प्रमाणात एक किलोमीटर साडेअकरा मीटरांत मावतो. मुंबई–पुणे हा १९२ किलोमीटरांचा मार्ग जसाच्या तसा मांडावयाचा म्हटले तर सव्वादोन किलोमीटर लांबीची खोली लागेल! तेव्हा कोणता भाग घ्यावा आणि कोणता वगळावा, हा विवेक या छंदात पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

जर्मनीतील मेर्क्लिन या कारखान्याने १८९१ साली खेळण्यातील रुळांची मापे क्रमांकांनी ठरवून दिली, ही या कामाची सुरुवात होय. परंतु ती एका कारखान्यापुरती होती. घरी बसून पत्रा कापणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग बेताचाच. जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी शहरात अल कॅल्मबाक यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ नावाचे मासिक काढले, आणि पुढच्याच वर्षी, १९३५ साली, त्याच शहरात निरनिराळ्या मंडळांचे प्रतिनिधी जमून ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. चाकाची जाडी, कडेची उंची, दोन चाकांच्या पाठींमधील अंतर, सांध्यातील फटींची रुंदी अशा बाबींची कमाल व किमान मर्यादा तिने ठरवून प्रसिद्ध केली. पुढे या मापांवरून एक खाचा पाडलेली धातूची पट्टी निघाली. ती रुळांवर टेकवावी, चाकांवर बसवावी; बसली तर काम बरोबर, न बसली तर चुकलेले. ज्याला मोजमापाची उपकरणे परवडत नाहीत अशा माणसाच्या हाती या पट्टीने जणू एक पारखीच दिला.

इंग्लंडात मात्र गंमत झाली. तेथील इंजिने अमेरिकेतील इंजिनांपेक्षा अंगाने लहान. ८७ व्या हिश्शाने केलेल्या त्यांच्या प्रतिकृतीत त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा इंग्रज कारखानदारांनी प्रतिकृती थोडी मोठी, म्हणजे फुटास चार मिलिमीटर या प्रमाणाची केली. रूळ मात्र १६.५ मिलिमीटरांचेच ठेवले. वास्तविक या प्रमाणात रुळांमधील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. त्यामुळे इंग्लंडातील लहान आगगाड्या कित्येक वर्षे अरुंद रुळांवर, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या चपला घालाव्यात तशा धावत राहिल्या. हे सहन न होणाऱ्या काही चिकाटीच्या मंडळींनी १९६० च्या दशकात बरोबर १८.८३ मिलिमीटरांची पद्धत उभारली, आणि तिची सर्व मापे छापून मोकळी केली.

डबे जोडण्याच्या आकड्यांची कथाही अशीच बोधप्रद आहे. अमेरिकन संस्थेच्या उपसमितीने आखलेला एक साधा आकडा कोणीही विनामूल्य बनवावा असा होता. १९५० च्या दशकापासून बहुतेक कारखान्यांनी तोच घेतला. तो दिसावयास कुरूप, आणि कामालाही बेताचाच होता. ऑरेगॉन राज्यातील एडवर्ड्स बंधूंनी तयार केलेला, चुंबकाने आपोआप सुटणारा आकडा त्याहून कितीतरी सरस होता, पण त्यावर एकस्व होते. एकस्वाची मुदत संपताच इतर कारखान्यांनीही तशाच बनावटीचे आकडे केले, आणि फुकट वाटलेला कुरूप आकडा हळूहळू अडगळीत गेला. फुकट असलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असे नाही, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

युक्ती आणि तिचे कारण

ठरविलेली मापे ही एक बाब झाली. परंतु ज्या गोष्टी कोष्टकात बसत नाहीत, त्या एकाने दुसऱ्यास सांगितल्यावाचून कळत नाहीत. हौशी मासिकांनी आरंभापासून वाचकांनी पाठविलेल्या लहानसहान युक्त्यांना जागा दिली. जुने अंक चाळताना एक गोष्ट ध्यानात येते: ‘असे करा’ एवढेच सांगणारी युक्ती लवकर विसरली जाते, ‘असे का करावयाचे’ हे सांगणारी युक्ती दुसऱ्या घरी, दुसऱ्या हवेत, दुसऱ्या साहित्यावरही उपयोगी पडते. काही उदाहरणे पाहू.

हलकी वाघीण रुळांवरून घसरते, हा अनुभव प्रत्येकास येतो. संस्थेची शिफारस अशी की एच-ओ प्रमाणातील डब्याचे वजन मुळात २८ ग्रॅम आणि लांबीच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटरास आणखी १४ ग्रॅम असावे. म्हणजे पंधरा सेंटिमीटर लांबीची वाघीण सुमारे ११२ ग्रॅमची झाली. हा आकडा कोठून आला असेल? लांबी ८७ पटींनी घटली की घनफळ, आणि म्हणून वजन, ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी घटते. साठ टनांची भरलेली खरी वाघीण या हिशेबाने ९१ ग्रॅमच भरावयास हवी. परंतु रुळांच्या जोडावरील खाचा, धुळीचा कण, चाकांच्या आसातील घर्षण या गोष्टी त्याच पटीने लहान होत नाहीत. म्हणून थोडे वजन अधिक द्यावे लागते. आणि एकाच गाडीतील सर्व डब्यांना सारख्याच नियमाने वजन देणे अधिक महत्त्वाचे, कारण वळणावर इंजिन पुढे ओढते व शेपटीचे डबे मागे ताणतात. मध्ये एखादा हलका डबा असला की ताणलेली दोरी जशी सरळ होऊ पाहते तसा तो वळणाच्या आत खेचला जाऊन आडवा होतो.

आता खडीचे पाहू. रुळांखाली बारीक खडी पसरून ती जागच्या जागी चिकटवावयाची असते. नवखा माणूस डिंकावर खडी टाकतो; ती गोळे होऊन बसते. जाणता माणूस कोरडी खडी मऊ कुंचल्याने नीट पसरतो, मग पाण्याचा बारीक फवारा मारतो, आणि शेवटी सुतारकामातील पांढरा डिंक (आपल्याकडे ज्याला सर्रास फेव्हिकॉल म्हणतात तो) एकास दोन किंवा तीन भाग पाणी घालून थेंबाथेंबाने सोडतो. यात मेख आहे ती फवाऱ्याच्या पाण्यात टाकलेल्या भांडी घासण्याच्या साबणाच्या दोन थेंबांची. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरास सुमारे ७२ मिलिन्यूटन इतका असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब कोरड्या खडीवर मण्यासारखा गोल उभा राहतो आणि घरंगळताना खडीचे कण बरोबर नेतो. साबणाने हा ताण निम्म्याहून खाली येतो. पाणी कणांमधील फटींत शिरते, आणि मागाहून येणारा डिंक त्याच ओल्या वाटेने तळापर्यंत पोहोचतो. हे कारण ज्यास समजले तो साबण नसेल तेथे स्पिरिट वापरील, आणि त्याचेही काम होईल.

वळणाची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. भारतीय ब्रॉडगेज मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी ठेवीत नाहीत. एच-ओ प्रमाणात ती दोन मीटर होते. म्हणजे पूर्ण वर्तुळास चार मीटर रुंदीचे मेज हवे! घरात इतकी जागा कोठून आणावी? सामान्यतः ४५ सेंटिमीटरांवर भागवावे लागते, जी खऱ्या जगातील ४० मीटरांची त्रिज्या झाली. सरळ रुळावरून एकदम अशा वळणात शिरताना डबा धक्का खातो आणि लांब डब्यांचे आकडे एकमेकांपासून बाजूस सरकतात. उपाय असा की सरळ मार्ग व वळण यांच्या मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालावा. खरे रेल्वे-अभियंते त्यासाठी गणित करतात. हौशी माणूस लवचिक लाकडाची लांब पट्टी घेतो, तिचे एक टोक सरळ रेषेवर दोन खिळ्यांत अडकवितो, दुसरे टोक वर्तुळाच्या कमानीवर दाबून धरतो आणि पट्टीच्या कडेने पेन्सिल फिरवितो. वाकविलेली पट्टी आपल्या अंगातील ताण लांबीभर वाटून घेते, त्यामुळे तिची वक्रता टप्प्याटप्प्याने वाढते. अभियंत्याचे गणित तिला पाठच असते, असे म्हणा ना.

सांगितलेली प्रत्येक युक्ती टिकते असे मात्र नाही, आणि हे या देवघेवीचे सामर्थ्यच समजावे. रूळ स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न घ्या. वीज रुळांतून चाकांत जाते. मध्ये मळाचा थर आला की इंजिन अडखळते. पूर्वी बारीक सॅंडपेपरने रूळ घासण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. त्याने रूळ चकाकतो खरा, पण त्यावर सूक्ष्म चरे पडतात आणि त्यांत पुढचा मळ अधिकच घट्ट बसतो. मग अल्कोहोलने पुसण्याची प्रथा आली आणि ती दीर्घकाळ चालली. अलीकडे, २०१९ च्या सुमारास, काही अनुभवी मंडळींनी तीवरही आक्षेप घेतला. चाक आणि रूळ यांच्यामध्ये अतिसूक्ष्म ठिणग्या पडतात व त्यांतून काळा मळ तयार होतो. ज्या द्रवाचे रेणू विद्युत्‌दृष्ट्या ध्रुवीय असतात त्याचा उरलेला अंश या प्रक्रियेस मदत करतो, असे त्यांचे म्हणणे. अल्कोहोलचा विद्युत्-अपारक स्थिरांक १८ च्या आसपास असतो, तर रॉकेलचा २ च्या आसपास. तेव्हा रॉकेलाचा हलका हात फिरवावा, हा नवा सल्ला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण वाद कशावरून आहे हे आता प्रत्येकास ठाऊक आहे, आणि ज्याला शंका येईल त्याने अर्धे रूळ एका द्रवाने व अर्धे दुसऱ्याने पुसून दोन महिने वाट पाहावी. शाळेत हा प्रयोग करताना दोन्ही द्रव ज्वालाग्राही आहेत हे विसरू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वीज बंद करावी आणि द्रव पूर्ण वाळल्यावाचून गाडी चालवू नये.

एक डोंगराळ मार्ग

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे गावी जॉन ॲलन या छायाचित्रकाराने आपल्या घरात एक डोंगराळ लोहमार्ग उभारला होता. त्याचे नाव ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’. अर्थ दिसू नये म्हणून अक्षरे मुद्दाम वेडीवाकडी लिहिलेली. जमिनीपासून वर चढत गेलेले कडे, दऱ्यांवरील उंच पूल, आणि डबे इकडून तिकडे नेण्यासाठी, विनोद म्हणून, ‘एमा’ नावाचा एक डायनोसॉर. ज्या काळी प्रतिकृती नवीकोरी चकचकीत असणे भूषणाचे मानीत, त्या काळी ॲलनने आपली इंजिने काजळलेली, डब्यांचा रंग उडालेला, छपरे गळकी अशी केली. पातळ केलेल्या काळ्या रंगाचा हात द्यावा म्हणजे तो खाचांत साचून सावल्या उठावतात. उलट कोरड्या कुंचल्यावर फिका रंग घेऊन वरून पुसटसा फिरवावा म्हणजे कडा उजळतात. खोली संपते तेथे त्याने आरसे बसविले आणि मार्ग भिंतीपलीकडे जात असल्याचा आभास निर्माण केला. हे सर्व त्याने छायाचित्रांसह मासिकांतून सांगितले. जे कळत नसे ते पाहावयास मित्र घरी येत, वेळापत्रक लावून गाड्या चालवीत.

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराने वारला. त्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या घरास आग लागली आणि त्या मार्गाचा बहुतांश भाग जळून गेला. वीस वर्षे खपून केलेल्या कामाची राख व्हावयास एक रात्रही लागत नाही.

उरले ते छापलेले. पाच सांध्यांचे ‘टाइमसेव्हर’ नावाचे एक कोडे ॲलनने रचले होते; एका फळीवरील आखूड रुळांत कमीत कमी हालचालींनी डबे ठरल्या जागी पोहोचवावयाचे. त्याचा आराखडा प्रसिद्ध झालेला असल्याने जगभर कोणीही ते पुन्हा बांधतो. ते बांधावयास फळीखेरीज फारसे काही लागत नाही. त्याचा स्नेही लिन वेस्टकॉट हा १९६१ ते १९७७ पर्यंत ‘मॉडेल रेलरोडर’चा संपादक होता. वेस्टकॉट १९८० साली वारला. ॲलनच्या मार्गावर त्याने लिहिलेले पुस्तक पुढील वर्षी निघाले, आणि जळून गेलेला तो मार्ग न पाहिलेल्या माणसांनी त्यातील छायाचित्रांवरून आपले डोंगर रचले.

वेस्टकॉट स्वतःही युक्त्यांची खाण होता. पूर्वी डोंगर करावयाचा म्हणजे जाळीवर प्लास्टरचे थरावर थर चढवीत; डोंगर मणभर जड होई. त्याने कागदी रुमाल पातळ प्लास्टरमध्ये बुडवून चुरगळलेल्या वर्तमानपत्रांच्या ढिगावर अंथरण्याची पद्धत रूढ केली. प्लास्टर वाळले की खालचे कागद काढून घ्यावयाचे. उरते ते हलके, पोकळ, कठीण कवच. कागदाचे तंतू प्लास्टरला तडकू देत नाहीत. आपल्याकडे कुडाच्या भिंतीच्या मातीत तूस मिसळतात ते याच कारणासाठी. मात्र प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावताना उष्णता बाहेर टाकते, आणि मोठ्या गोळ्यात ती हात भाजण्याइतकी वाढू शकते. मुलांनी त्यात हात बुडवून ठेवू नयेत.

त्याच्याच नावाशी जोडलेली दुसरी युक्ती मेजाच्या सांगाड्याची. दोन पट्ट्या काटकोनात जोडून तुळई करावी, तिच्यावर आडव्या फळ्या टाकाव्यात, आणि स्क्रू मात्र खालून पिळावेत. उभ्या पट्टीची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो, म्हणून थोड्या लाकडात भक्कम तुळई मिळते. परंतु खरी खुबी खालून पिळलेल्या स्क्रूंत आहे. वर डोंगर, खडी, झाडे सारे झाल्यावर एखादी आडवी फळी सांध्याच्या यंत्रणेच्या आड येते असे लक्षात आले, तर वरच्या देखाव्यास धक्का न लावता ती सरकविता येते. ही युक्ती ज्यास सुचली त्याने मागे कधीतरी डोंगर फोडलेला असला पाहिजे!

रुळांखालच्या तारा

छोट्या लोहमार्गाची एक शाखा अनपेक्षित ठिकाणी फुटली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात १९४६ साली विद्यार्थ्यांनी ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ स्थापन केला. महायुद्धाच्या काळात घाईने उभारलेल्या एका लाकडी इमारतीत त्यांचा मार्ग होता. काही विद्यार्थ्यांस झाडे व घरे करण्यात रस; काहींस मात्र मेजाखालच्या तारांत. या दुसऱ्या गटाने टेलिफोन केंद्रातील रिले आणि स्विच मिळवून, अनेकांनी एकाच वेळी निरनिराळी इंजिने चालवावीत अशी जटिल व्यवस्था रचली. तारांच्या जंजाळात केलेल्या चतुर सुधारणेला ते ‘हॅक’ म्हणत. १९५९ साली पीटर सॅमसन या सभासदाने मंडळातील अशा शब्दांचा लहानसा कोशही केला.

१९५८ च्या सुमारास त्यांच्यातील काहींना टीएक्स-० या संगणकावर काम करावयास मिळाले, आणि १९६१ साली पीडीपी-१ हा संगणक आला. मेजाखालची सवय त्यांनी तेथे नेली. लिहिलेला प्रोग्रॅम कागदी फितीवर छिद्रे पाडून खणात ठेवावयाचा. ज्यास हवा त्याने तो घ्यावा, सुधारावा, परत ठेवावा. १९६२ साली पूर्ण झालेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ अशाच रीतीने वाढला. स्टीव्ह रसेलने दोन याने पडद्यावर आणली, सॅमसनने पाठीमागे खऱ्या ताऱ्यांचा नकाशा घातला, डॅन एडवर्ड्सने मध्यभागी गुरुत्वाकर्षण असलेला सूर्य बसविला. याने फिरविण्याच्या पेट्या रेल्वे-मंडळातील सुट्या भागांपासून तयार झाल्या. ती लाकडी इमारत १९९८ साली पाडली गेली. ‘हॅक’ हा शब्द मात्र जगभर पसरला, आणि त्याचा अर्थही बराच बिघडला.

संगणक पुढे स्वतःच रुळांखाली आला. पूर्वी रुळांतील विजेचा दाब वाढविला की त्या तुकड्यावरील सर्व इंजिने एकदम वेग घेत. जर्मनीतील लेन्झ या कारखान्याच्या पद्धतीवर आधारून अमेरिकन संस्थेने १९९० च्या दशकात एक खुली अंकीय भाषा ठरविली. तीत रुळांतून सतत वीज वाहते, आणि तिच्याच स्पंदांत आज्ञा गुंफलेल्या असतात: ५८ मायक्रोसेकंदांचे अर्धस्पंद म्हणजे ‘१’, १०० किंवा त्याहून अधिक मायक्रोसेकंदांचे म्हणजे ‘०’. प्रत्येक इंजिनातील चकतीस स्वतःचा क्रमांक असतो. ती आपल्या नावची आज्ञा तेवढी पाळते. एका कारखान्याचा नियंत्रक आणि दुसऱ्या कारखान्याचे इंजिन एकमेकांशी बोलू शकतात ते या भाषेमुळेच.

या पद्धतीबरोबर नाण्याची कसोटी आली. मार्गाच्या दूरच्या टोकाला दोन्ही रुळांवर आडवे नाणे टेकवावे. नियंत्रकाने तत्काळ वीज तोडली तर तारा पुरेशा जाड आहेत. तोडली नाही, तर लांब, बारीक तारांचा रोध इतका आहे की बिघाडाची वीज नियंत्रकापर्यंत धोक्याची सूचना देण्याइतकी वाहतच नाही. आणि तीच वीज एखाद्या इंजिनाच्या चाकांतून वाहत राहून त्याचे प्लास्टिक वितळवील. अर्थात ही कसोटी कमी दाबाच्या, बिघाड होताच वीज तोडणाऱ्या नियंत्रकावरच करावयाची असते. घरातील विजेच्या जोडणीशी तिचा काहीही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांस बजावून सांगावे.

आपल्या हवेत

भारतात हा छंद करणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न रुळांचा येतो. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर. एच-ओ प्रमाणात ते सव्वाएकोणीस मिलिमीटर होते. बाजारात सर्वत्र मिळणारे रूळ मात्र साडेसोळांचे. तेच रूळ ठेवून प्रमाण बदलावयाचे म्हटले तर ते १ : १०१.६ असे येते, आणि मग बाजारातील तयार माणसे व मोटारी धिप्पाड दिसू लागतात. इंग्रजांपुढे जो पेच पडला त्याचीच ही भारतीय आवृत्ती होय. अरुंद रूळ चालवून घ्यावेत, की पट्टी घेऊन स्वतः रूळ ठोकावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर शाळेने पहिला मार्ग धरावा, आणि एखाद्या चिकाटीच्या विद्यार्थ्याने वीतभर लांबीचा खरा ब्रॉडगेज तुकडा बाजूस करून पाहावा. अशी कामे येथे झालेली नाहीत असे नव्हे: पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी हौसेने उभे केलेले लघु-रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले.

दुसरा प्रश्न हवेचा आहे, आणि येथे परक्या देशाची युक्ती जशीच्या तशी उचलता येत नाही. रूळ ठोकताना जोडांवर लहान फट ठेवावी, असे सर्व परदेशी पुस्तके सांगतात. आपल्यास वाटते, उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात म्हणून असेल. हिशेब करून पाहू. जर्मन सिल्व्हरचे रूळ सहा मीटर लांब असले आणि तापमान वीस अंशांनी वाढले, तर ते साधारण दोन मिलिमीटरांनी वाढतात. परंतु खालचे लाकूडही ओलाव्याने फुगते व कोरडेपणाने आकसते, आणि तेवढ्याच लांबीत तेही काही मिलिमीटर सरकू शकते. अमेरिकेतील तळघरांत हिवाळ्यात शेगड्या पेटतात, हवा कोरडी होते, लाकूड आकसते. रूळ मात्र आकसत नाहीत, आणि जागा न उरल्याने बाजूस वाकतात. म्हणून तेथे हिवाळ्याची भीती.

आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईस लाकूड सर्वाधिक फुगलेले असते ते आषाढ-श्रावणात, आणि चैत्र-वैशाखात ते त्या मानाने आकसलेले असते. चैत्र-वैशाखातच ऊन तापल्याने रूळही लांबलेले असतात. दोन्ही परिणाम एकाच दिशेने पडतात. तेव्हा पावसाळ्यात रूळ ठोकणाराने जोडांवर मोठी फट ठेवावी, साधारण मीटरास एक याप्रमाणे, प्रत्येकीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरून. उन्हाळ्यात ठोकणाराने फट नाममात्र ठेवावी, पोस्टकार्डाच्या जाडीची. नाहीतर पावसाळ्यात ती रुंदावून चाके आपटू लागतील. फळीच्या सर्व बाजूंना, खालच्या बाजूसही, रंगाचा किंवा वॉर्निशचा हात दिला तर ओलावा शिरण्याची गती मंदावते. दोन्ही रुळांच्या तारांना डाख लावताना फटीच्या दोन्ही अंगांस स्वतंत्र तारा द्याव्यात, म्हणजे जोड सैल झाला तरी वीज तुटत नाही. आणि रूळ ज्या महिन्यात ठोकले तो महिना व साल, पुढे दुरुस्ती करणाऱ्यासाठी, फळीच्या खालच्या अंगास पेन्सिलीने लिहून ठेवावे.